बद्रवर बोलण्याआधी

अस्सलामु अलैकुम,

रमजानच्या कार्यक्रमासाठी बद्रच्या लढाईवर लिहिलेला तुझा भाषणाचा मसुदा वाचला. भाषा छान आहे, आवाजही तुझा चांगला लागतो. पण पहिली दोन पानं ‘313 विरुद्ध 1000’, म्हणजे मुसलमान किती आणि मक्केवाले किती, यातच गेली आहेत. हा आकडा समोरच्या प्रत्येकाला लहानपणापासून पाठ असतो. तो एका वाक्यात उरक आणि माणसांकडे वळ.

सुरुवात मदीनेतून निघण्यापासून कर. हिजरी 2, म्हणजे इ.स. 624. पैगंबर (स.) आणि त्यांचे साथीदार मोठ्या लढाईच्या तयारीनं निघालेच नव्हते. मक्केच्या अबू सुफियानचा व्यापारी काफिला सीरियाहून मक्केकडे परतत होता, तो गाठायचा होता. जवळ सत्तरेक उंट आणि दोन घोडे. एका उंटावर दोघातिघांनी आळीपाळीनं बसायचं, उरलेल्यांनी चालायचं. पैगंबर (स.) यांचीही पाळी ठरलेली होती. वाटेत बातमी आली की काफिला निसटतोय आणि मक्केचं सैन्य चालून येतंय.

इथे तू लिहिलंयस, ‘सारे निर्भयपणे सज्ज झाले.’ हे वाक्य काढ. कुरआनातला सूरह अन्फाल हा अध्याय उघड. काहींना हे जड गेलं होतं आणि निःशस्त्र काफिलाच हाती लागावा असं त्यांना वाटत होतं, हे कुरआननंच सांगितलंय. अल्लाहनं जे झाकलं नाही ते आपण कशाला झाकायचं?

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. पैगंबरांनी साथीदारांना सल्ला विचारला. अबू बक्र बोलले, उमर बोलले, मिकदाद तर फारच सुंदर बोलले. तरी पैगंबर पुन्हा विचारत राहिले. का? बोलणारे हे तिघंही मुहाजिर, म्हणजे मक्केहून मदीनेला आलेले होते. संख्येनं जास्त होते अन्सार, म्हणजे मूळ मदीनेचे मुसलमान, आणि पैगंबर मदीनेला येण्याआधी झालेल्या अकबाच्या करारात त्यांनी मदीनेत संरक्षण देण्याचा शब्द दिला होता. बद्र तिथून सुमारे दीडशे किलोमीटर दूर. शब्दाबाहेरचं काही त्यांच्यावर लादायचं नव्हतं. शेवटी अन्सारांचे नेते साद बिन मुआज यांनी ओळखलं, ‘आपला रोख आमच्याकडे आहे का?’ आणि समुद्रात उतरलात तरी बरोबर येऊ, असं सांगितलं. यावर घाई करू नकोस. माझ्या मते बद्र इथेच अर्धी जिंकली गेली.

याच्याच शेजारी पैगंबरांचे साथीदार हुजैफा बिन यमान यांना ठेव. तुझ्या मसुद्यात ते नाहीत, कारण ते बद्रमध्ये लढलेच नाहीत. त्यांना आणि त्यांच्या वडिलांना कुरैशांनी, म्हणजे मक्केच्या टोळीनं, वाटेत पकडलं आणि ‘लढाईत उतरणार नाही’ असं वचन घेऊन सोडलं. एकेक माणूस मोलाचा असतानाही पैगंबरांनी त्यांना दिलेलं वचन पाळायला सांगितलं. आणि उस्मान? ते आजारी पत्नी रुकय्या यांच्या शुश्रूषेसाठी मदीनेतच थांबले होते, तरी लुटीतला वाटा त्यांना मिळाला आणि त्यांची गणना बद्रवाल्यांमध्येच झाली.

प्रत्यक्ष लढाई थोडक्यात सांग. हमजा, अली आणि उबैदा यांची द्वंद्वं सगळ्यांना माहीत आहेत. तलवारींच्या वर्णनात तुझी लेखणी जरा जास्तच रमते. त्यापेक्षा उमैर बिन अबी वक्कास घे. वय सोळाच्या आसपास. लहान म्हणून परत पाठवत होते, तर रडला. मग परवानगी मिळाली आणि तो शहीद झाला. मुसलमानांकडचे एकूण चौदा जण गेले. आणि अबू हुजैफा (हे वरच्या हुजैफांहून वेगळे). ते मुसलमानांकडे उभे, वडील उत्बा समोर मक्केवाल्यांच्या रांगेत. विजयाच्या गर्जनेत हे सांगता येणार नाही, आवाज खाली आणावा लागेल.

बंदिवानांना तू एकच ओळ दिलीस, ती वाढव. सत्तरेक कैदी होते. त्यात पैगंबरांचे काका अब्बास होते, जावई अबुल आसही. जावयाच्या सुटकेसाठी लेक जैनब यांनी मक्केहून जो हार पाठवला, तो आई खदीजांनी त्यांना लग्नात दिलेला. तो पाहून पैगंबरांना भरून आलं. पण हार परस्पर परत केला नाही, साथीदारांना विचारलं आणि ते हो म्हणाल्यावरच केला. खंडणी द्यायला पैसे नसलेल्या साक्षर कैद्यांनी मदीनेतल्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावं, असं ठरल्याचंही सांग.

दहा मिनिटांत हे सगळं मावणार नाही. काही गाळावंच लागलं तर द्वंद्वं गाळ. साद आणि हुजैफा यांना हात लावू नकोस. नवा मसुदा जुम्म्याच्या आत पाठव, म्हणजे नावांचे उच्चार एकदा बसून तपासू.