कमाल आकडा यंत्राला सांगायचा का?

प्रश्न: आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझी आई असे पाच जण चार महिन्यांनी दहा रात्रींच्या सहलीला निघतोय. तीन शहरं, प्रत्येक ठिकाणी दोन खोल्या. ओळखीतल्या एकांनी हॉटेलच्या खोल्यांवर आपोआप बोली लावणारं एक ऑनलाइन साधन सुचवलंय. शहरातला भाग, हॉटेलचा दर्जा, तारखा आणि आपण जास्तीत जास्त किती देऊ तो आकडा त्याला सांगायचा, कार्ड जोडायचं आणि विसरून जायचं. खोली मिळाली की ते कळवतं. वर्षाची वर्गणी आहे. राहण्याच्या खर्चातला तिसरा हिस्सा वाचतो असा त्यांचा दावा आहे. वाचलेले पैसे मी आणीबाणीच्या निधीत टाकणार आहे, तो सध्या अर्धाच भरलाय. या साधनावर भरवसा ठेवावा का?

उत्तर: ‘कार्ड जोडायचं आणि विसरून जायचं’ हे वाक्य मी तुमच्या पत्रात तीनदा वाचलं. वर्गणी, तिसरा हिस्सा वगैरे नंतर बघू. ज्या व्यवहारात पैसे परत मिळत नाहीत, तो आपल्या नकळत उरकला जावा अशी सोय तुम्ही विकत घ्यायला निघालाय. ती घेऊ नका. दर बघायला, तुलना करायला, दर उतरला की हाक मारायला यंत्र जरूर ठेवा. ‘घेतली’ म्हणायचं काम तुमच्याच बोटाकडे राहू द्या.

असं का म्हणते, ते कळायला ही बोली मुळात चालते कशी ते बघावं लागेल. हा प्रकार रुळवला प्राइसलाइन या अमेरिकी कंपनीनं, १९९८ पासून. ‘तुमची किंमत तुम्ही सांगा’ अशी त्यांची जाहिरात. शहराचा भाग निवडायचा, तारे निवडायचे, आकडा टाकायचा, कार्डाचा नंबर आधीच द्यायचा. एखाद्या हॉटेलला तो आकडा पटला की त्याच क्षणी पैसे कापले जात आणि मग हॉटेलचं नाव कळे. रद्द करता येत नसे, तारीख बदलता येत नसे. हॉटेलांना हे सोयीचं का, तर आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. पण दर उघडपणे पाडला तर पूर्ण पैसे मोजणारं गिऱ्हाईकही तोच दर मागणार. म्हणून स्वस्त खोली नाव झाकून विकायची. तुम्हाला मिळणारी सूट ही या झाकलेपणाची आणि परत न फिरण्याची किंमत आहे, कोणी मेहेरबानी करत नाही.

आता खरी मेख. समजा एका खोलीचा साधा दर १०० आहे आणि हॉटेलनं मनाशी ठरवलेला तळ ६०. तुम्ही ७५ सांगितले, तर खोली ७५ लाच पडते. मधले १५ गेले हे तुम्हाला कधी कळतही नाही. ईबे या लिलावाच्या साइटवरच्या आपोआप बोलीशी लोक याची गल्लत करतात. तिथे तुम्ही कमाल आकडा देऊन ठेवता, पण यंत्र तुमच्या वतीनं दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या जेमतेम एक पायरी वर जाऊन थांबतं. दुसऱ्या बोलीवर किंमत ठरणाऱ्या लिलावात आपला खरा आकडा सांगून टाकण्यातच शहाणपण असतं, हे विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञांनी १९६१ मध्ये मांडलं. (आडनाव ‘विक्री’ आणि विषय लिलावाचा. मराठी वाचकाला गंमत वाटेलच.) हॉटेलच्या बोलीत मात्र दुसरी बोलीच नसते. समोर फक्त एक झाकलेला तळ असतो आणि तुम्ही जे बोललात ते भरायचं असतं. तिथे कमाल आकडा सांगून टाकणं म्हणजे पत्ते उघडे टाकून डाव मांडणं.

यावर साधनवाले म्हणतील, आम्ही थेट कमाल आकडा टाकत नाही, खालून एकेक पायरी चढत जातो. हे बरोबर आहे, आणि अशा साधनांचा जन्मही त्यातूनच झाला. बोली नाकारली गेली की तोच तपशील ठेवून २४ तास पुन्हा बोलता येत नसे, काहीतरी बदलावं लागे. मग हुशार लोकांनी वाट शोधली. तुम्हाला चार तारे हवेत ना? मग ज्या भागात चार ताऱ्यांचं एकही हॉटेल नाही, असा भाग यादीत जोडायचा. साइटच्या दृष्टीनं तपशील बदलला, तुमच्या दृष्टीनं धोका शून्य, आणि थोडी वाढवलेली नवी बोली फुकटात लावता आली. असे भाग जितके, तितक्या पायऱ्या. कोणत्या भागात काय आहे याचे तक्ते करून, क्रम लावून हे करणं भयंकर किचकट होतं. ते काम यंत्रानं केलं तर त्याचे पैसे देण्यात काही वावगं नव्हतं.

पण ते दिवस गेले. प्राइसलाइननं २०१६ मध्ये विमान तिकिटांची बोली बंद केली आणि पुढे हॉटेलांचीही गुंडाळली. आता चलती आहे ती किंमत दाखवून नाव झाकायच्या पद्धतीची. हॉटवायर ही कंपनी २००० सालापासून तसंच विकत आलीय. तिथे आकडा साइट सांगते, आपण फक्त हो किंवा नाही म्हणतो. म्हणजे पायऱ्या चढायचं कौशल्य लागतच नाही. म्हणून तुमच्या त्या साधनवाल्यांना पहिला प्रश्न हा विचारा: तुम्ही नक्की कोणत्या साइटवर, कोणत्या नियमानं बोली लावता? उत्तर गोलमोल आलं तर ‘बोली’ हा शब्द जाहिरातीपुरता आहे आणि पलीकडे साधी खरेदीच चालते असं समजा. कित्येक साइटच्या अटींत स्वयंचलित साधनं वापरायला मनाई असते, हेही विचारून घ्या. बुकिंग अडकलं तर साइट तुमच्याकडे बोट दाखवणार. बोली कायद्यानं तुमचीच, कार्ड तुमचंच.

तुमच्या कुटुंबापुरतं बोलायचं तर दोन खोल्यांचा मुद्दा मला जास्त छळतो. नाव झाकलेल्या खोलीत सहसा दोन मोठ्या माणसांची सोय गृहीत धरलेली असते. पलंग एक मिळेल की दोन, याची हमी नसते. दोन्ही खोल्या एकाच बुकिंगमध्ये मागितल्या तर एका हॉटेलात मिळतात. यंत्रानं ‘स्वस्त पडतंय’ म्हणून एकेक सुटी उचलली, तर आई एका हॉटेलात आणि तुम्ही चार रस्ते ओलांडून दुसऱ्यात. आणि दोन्हींचे पैसे परत नाहीत. तारे किती हेसुद्धा बहुतेक वेळा साइटचं स्वतःचं मोजमाप असतं, कारण ताऱ्यांचा जगभर एकच असा नियम नाही. लिफ्ट आहे का, दारापर्यंत गाडी येते का, हे ताऱ्यांत दिसत नाही.

माझाही एक दाखला देते. एका कामासाठी तीन रात्री राहायचं होतं. रात्री साडेअकराला बोली लावली, डोळ्याचं पातं लवायच्या आत ‘अभिनंदन’ आलं. इतक्या पटकन होकार आला म्हणजे आपण जास्त बोललो, हे तेव्हाच पोटात कळलं. तरीही दोन दिवस सूट सांगत मिरवले. हॉटेलात गेल्यावर काउंटरवरच्या मुलीनं एक छापील कागद पुढे सरकवला: सुविधा शुल्क, दर रात्री, सक्तीचं. खाली पार्किंग, दर रात्री. शिवाय अनामत म्हणून कार्डावर वेगळी रक्कम अडकवली, ती आठवड्यानं सुटली. सगळं जोडल्यावर पलीकडच्या गल्लीतल्या, रद्द करता येणाऱ्या खोलीपेक्षा ते महाग पडलं होतं. मी दिवसभर लोकांना हिशेब शिकवते, म्हणून हे जरा जास्त लागलं. वस्तूच्या उपयोगाचा आनंद वेगळा आणि ‘सौदा चांगला मारला’ याचा आनंद वेगळा, हे रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्येच मांडून ठेवलंय. त्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला त्या रात्री फक्त दुसरा आनंद मिळाला होता.

(अमेरिकेत मे २०२५ पासून हॉटेलांना सक्तीची शुल्कं धरून एकूण किंमत आधीच दाखवावी लागते. सगळीकडे तसा नियम नाही. जिथे नाही, तिथे ‘हॉटेलात भरायची रक्कम’ ही बारीक अक्षरातली ओळ शोधा.)

आता तुमचा हिशेब मांडू. चलन कोणतंही धरा. रद्द करता येणारी खोली, सगळी शुल्कं धरून, १००. झाकलेली खोली ७५, हॉटेलात भरायचं शुल्क १०, आणि वर्गणी वाटून दर रात्री २ धरली तर ८७. म्हणजे सूट २५ टक्के दिसते, पडते १३ टक्के. आता सहल रद्द झाली तर? रद्द होणाऱ्या खोलीचे १०० वाचतात. झाकलेल्या खोलीचे ७७ जातात, फक्त हॉटेलातले १० वाचतात. गणित केलं तर दोन्ही मार्ग सारखे कधी पडतात? सहल रद्द व्हायची शक्यता साधारण सातांत एक असते तेव्हा. त्याहून जास्त असेल तर झाकलेली खोली महाग. एकटा धडधाकट माणूस पुढच्या आठवड्यात दोन रात्री जाणार असेल तर मी म्हणेन घ्या. पण चार महिने आधी, पाच माणसं, त्यात आई, मुलांची शाळा, दोघांच्या रजा. सातांत एक हा आकडा तुमच्या घरात मला फार दूरचा वाटत नाही. शिवाय हा धोका विखुरलेला नाही. आई आजारी पडल्या तर एक रात्र जात नाही. तीन शहरांतल्या दोन-दोन खोल्या, दहा रात्री, म्हणजे वीसच्या वीस भाडी एकदम जातात. प्रवास विमा असला तरी तो पॉलिसीत लिहिलेल्या कारणांपुरताच. ‘रजा नाकारली’ हे कारण बहुतेकदा त्यात नसतं.

निधीबद्दल तुम्ही जे लिहिलंय, ते मला सगळ्यात उलटं वाटलं. निधी अर्धाच भरलाय, तो भरायचा म्हणून तुम्ही हे करताय. पण झाकलेल्या खोलीचे पैसे आज जाणार आणि रद्द करता येणाऱ्या खोलीचे बहुतेक वेळा हॉटेलात पोचल्यावर. म्हणजे राहण्याच्या खर्चातला तिसरा हिस्सा वाचवायच्या नादात तुम्ही वीस भाड्यांचे पैसे चार महिने आधी, परत न येण्याच्या अटीवर गुंतवणार. या चार महिन्यांत घरात काही निघालं, तर ज्या पैशांनी निभावलं असतं ते एका अनोळखी हॉटेलात पडून असतील. वाचतील तेव्हा वाचतील. आहेत ते हाताशी राहू देणं आज जास्त गरजेचं.

मी तुमच्या जागी असते तर आज तिन्ही शहरांत नाव बघून, फोन करून, लिफ्ट विचारून, फुकट रद्द होणाऱ्या खोल्या घेतल्या असत्या. मग यंत्राला कामाला लावलं असतं. तुम्ही केलेल्या बुकिंगचा दर रोज तपासून उतरला की कळवणारी साधनं असतात, त्यातली काही फुकटही आहेत, कारण त्यांना नव्या बुकिंगवर दलाली मिळते. निरोप आला की आधी ताडून बघायचं: तीच खोली आहे का, तितकीच माणसं धरलीत का, नाश्ता आधी होता आणि आता गळला का, नवा दरही रद्द होणारा आहे का. मग नवं बुकिंग पक्कं करायचं आणि त्यानंतरच जुनं सोडायचं. हा क्रम उलटा करून पस्तावलेले दोन अशील माझ्याकडेच आहेत. रद्द करायची मुदत हॉटेलच्या गावातल्या घड्याळानं मोजलेली असू शकते, तेव्हा एक दिवस आधीचीच तारीख लिहून ठेवा.

बोलीची हौस फिटवायचीच असेल तर शेवटच्या शहरातली शेवटची रात्र त्यासाठी ठेवा, निघायच्या दोन-तीन दिवस आधी, सगळे धडधाकट आहेत हे बघून. तेव्हा रिकाम्या खोल्या किती उरल्यात याचा अंदाज हॉटेललाही आलेला असतो, तुमची सहल रद्द व्हायची शक्यताही नगण्य झालेली असते, आणि फसलं तर एका रात्रीपुरतं. त्यासाठी बचत खात्याला जोडलेलं डेबिट कार्ड देऊ नका. तुमची बँक मर्यादा घालता येणारं आभासी कार्ड (ऑनलाइन खरेदीपुरता वेगळा कार्ड नंबर) देत असेल तर ते घ्या आणि मर्यादा त्या एका रात्रीच्या दोन खोल्यांपुरतीच ठेवा. मग यंत्र रात्री तीनला उत्साहात आलं तरी त्याचा हात तिथवरच पोचेल.

वर्गणी भरली नसेल तर भरू नका. भरली असेल तर खात्यात जाऊन दोन गोष्टी बघा: कार्ड जोडलेलं आहे का, आणि ‘आपोआप खरेदी’ची खूण मुळातच केलेली आहे का. ती आजच काढा, आणि पुढच्या वर्षी वर्गणी आपोआप कापली जायची खूणही त्याच पानावर सापडेल.