सासऱ्यांच्या डब्यातली नाणी, ऑनलाइन ऑक्शन आणि पंधरा हजारांचा होन

ताई, तुम्ही विचारलंय की सासऱ्यांच्या ट्रंकेत एक डबा निघाला, त्यात जॉर्ज पंचमचे चांदीचे रुपये, एक १९३९ चा रुपया, काही १९४० नंतरचे, दोन-तीन शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी), एक राम-सीतेचं चित्र असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं तांब्याचं नाणं आणि एक वैष्णोदेवीचं ५ रुपयाचं नाणं आहे, ज्याचे व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी १० लाख देतो म्हणतोय. हे सगळं ऑनलाइन लिलावात विकावं का, न्यू जर्सीचा भाचा म्हणतो तसं तिकडे पाठवून ईबेवर टाकावं का, आणि मुलाला फेसबुकवर १५ हजारात शिवाजी महाराजांचा होन मिळतोय तो घ्यावा का. सगळ्याचं एकत्रच लिहितो, लांबेल थोडं.

आधी त्या १० लाखवाल्याचं, कारण ते अर्जंट आहे. त्याला एक रुपयाही पाठवू नका आणि त्याचा नंबर ब्लॉक करा. वैष्णोदेवीची ५ आणि १० रुपयांची नाणी २०१२ मध्ये श्राइन बोर्डाच्या पंचवीस वर्षांनिमित्त निघाली, चलनात भरपूर आली, आजही किराणा दुकानात सुट्ट्या पैशात सापडतात. त्याचे लाखो कुणीही देत नाही. हे लोक आधी मोठा आकडा सांगतात, मग रजिस्ट्रेशन फी, मग जीएसटी, मग 'आरबीआयची एनओसी' असं करत करत तुमच्याकडूनच पैसे काढतात, त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा लोगो असलेलं पत्रसुद्धा पाठवतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की आम्ही असल्या व्यवहारात नसतो, कसलंही कमिशन किंवा चार्जेस मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. आणि पैसे 'घेण्यासाठी' क्यूआर स्कॅन करा, पिन टाका म्हणाला तर तिथेच फोन ठेवायचा, पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. काही गेलंच असेल तर लगेच १९३० वर कॉल करा, जितका उशीर तितकी पैसे परत यायची शक्यता कमी.

आता मुद्द्याचं. नाण्याची किंमत काय हे शोधायला लोक गुगल करतात आणि कुणीतरी वेबसाइटवर लावलेला भाव बघून खूश होतात. लावलेला भाव म्हणजे नुसती मागणी, मी उद्या माझ्या स्कूटरचे ५ लाख लावू शकतो. बघायचं ते हे की तसंच नाणं, तशाच कंडिशनमध्ये, प्रत्यक्ष लिलावात कितीला गेलं. मुंबईची टोडीवाला, ओसवाल, अहमदाबादची क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी, बंगळुरूची मरुधर आर्ट्स, अशी ऑक्शन हाऊसेस आहेत, त्यांचे कॅटलॉग आणि झालेल्या लिलावांचे निकाल ऑनलाइन बघायला मिळतात. मी कुणालाही पहिलं हेच सांगतो की खरेदी-विक्री काही न करता महिनाभर नुसते निकाल वाचा. एकाच वर्षाच्या, एकाच टांकसाळीच्या रुपयाचे दोन फोटो शेजारी ठेवा, एकावर राजाच्या मुकुटातली बारीक नक्षी दिसतेय आणि दुसऱ्यावर घासून सपाट झालीय, आणि दोघांच्या भावात कितीपट फरक पडतो ते बघा. हे डोळ्याला एकदा कळलं की तुम्हाला गंडवणं अवघड आहे.

तुमच्या डब्याकडे येऊ. जॉर्ज पंचमचे रुपये ११.६६ ग्रॅमचे, ९१.७ टक्के चांदीचे, म्हणजे प्रत्येकात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. आजचा चांदीचा भाव लावून गुणाकार करा, ही झाली तुमची तळाची किंमत, याच्या खाली सराफाला देऊ नका. १९१८-२० चे असतील तर ते ढिगाने सापडतात, कारण पहिल्या महायुद्धात रुपयांची मागणी इतकी वाढली की अमेरिकेने १९१८ चा पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी इंग्रजांना विकली, ती इथे रुपये पाडायला आली. असे साधे वापरलेले रुपये ऑक्शन हाऊसला सुटे देण्यात अर्थ नाही. पण १९११ चा असला तर थांबा. राजाच्या झग्यावर जी पदकांची साखळी आहे त्यात छातीवर एक छोटा हत्ती आहे, १९११ च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड आली की लोकांना तो डुक्कर वाटला, हिंदू-मुसलमान दोघेही भडकले, सरकारने नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ पासून हत्ती नीट केला. हाच तो पिग रुपी, त्याला कलेक्टर चांगले पैसे देतात.

१९३९ चा रुपया हा तुमच्या डब्यातला सगळ्यात महत्त्वाचा, आणि सगळ्यात संशयाचाही. जॉर्ज सहाव्याचा हा जुन्या चांदीचा शेवटचा रुपया, १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आणली, आणि १९३९ चे फार थोडे शिल्लक राहिले. म्हणूनच याच्या नकला प्रचंड आहेत. काही सरळ साच्यात ओतलेल्या असतात, काही खऱ्या दुसऱ्या वर्षाच्या नाण्याचा शेवटचा आकडा कोरून बदललेल्या. दहा पट मोठं दाखवणारी लूप घ्या, खिडकीजवळ उजेडात नाणं तिरकं धरा आणि तो शेवटचा ९ बघा. आकड्याच्या आजूबाजूची सपाट जागा बाकीच्या नाण्यासारखीच असायला हवी. तिथेच बारीक ओरखडे असतील, पातळी थोडी खाली गेलेली असेल, किंवा ९ चं पोट आधीच्या ९ पेक्षा वेगळ्या घडणीचं असेल तर काहीतरी केलेलं आहे. मग नाणं उभं धरून कड बघा, १९४० नंतरच्या रुपयांची कड सिक्युरिटी एजची आहे, म्हणजे दात्यांच्या मधून खाच फिरते, तशी खाच १९३९ वर दिसली तर विषय संपला. ओतीव नकलेला कडेला जोड दिसतो आणि पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतात. वजन ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर करा, तो ऑनलाइन स्वस्तात मिळतो, आणि जमलं तर पाण्यात बुडवून घनताही काढा, ९१.७ टक्के चांदीची १०.३ च्या आसपास यायला हवी. फक्त आकडा बदललेल्या नाण्याचं वजन आणि घनता दोन्ही बरोबर येऊ शकतात हां, त्यामुळे लूप सोडायची नाही.

१९४० ते ४५ च्या रुपयांत ५.८ ग्रॅम चांदी, तो हिशोब करा. वाघवाला १९४७ चा असेल तर तो निकेलचा.

शिवराया मला स्वतःला फार प्रिय आहेत त्यामुळे जरा सविस्तर. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा छोटा, म्हणून बहुतेक नाण्यांवर अर्धीच अक्षरं उमटतात. घराघरात सापडतात त्या बहुतेक दुदांडी, अक्षरांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या, त्या महाराजांच्या नंतर, पेशवाईत आणि पुढेही पाडल्या गेल्या. महाराजांच्या काळातली शिवराई वजनाला भारी आणि अक्षरं जास्त सुबक. दुदांडीला ऑक्शनमध्ये फार मोठी किंमत येत नाही, पण अक्षरं पूर्ण आली असतील, अक्षरांच्या वळणात काही वेगळेपण असेल तर शिवराईवर प्रेम करणारे लोक आहेत आणि ते मोजतात. एक हात जोडून विनंती, चिंच, लिंबू, पितांबरी यातलं काहीही लावू नका. तांब्यावर जो काळसर-तपकिरी थर असतो तोच कलेक्टरला हवा असतो, घासून लखलखीत केलेलं नाणं बघितलं की जाणकार पुढच्या लॉटवर जातो. चांदीच्या रुपयांनाही तेच. आणि हिरवट चिकट प्लॅस्टिकच्या जुन्या अल्बममध्ये असतील तर आज काढा, ते पीव्हीसी नाणं खातं.

राम-सीतावालं नाणं 'यूकेएल वन आना १८१८' असं काही लिहिलेलं असेल. ही कंपनीच्या टांकसाळीतून निघालेलीच नाहीत, नंतर कुणीतरी बनवून जत्रा-देवळांजवळ विकलेले टोकन आहेत. याच्यात 'पॉवर' असते, तांदूळ ओढतं वगैरे सांगून राइस पुलरच्या नावाने लोकांना लाखोंना बुडवलेलं आहे. देव्हाऱ्यात ठेवा, विकायला जाऊ नका.

आता कुठे विकायचं. ईबेचं भारतातलं दुकान २०१८ मध्ये बंद झालं, तेव्हापासून छोटा व्यवहार बराचसा फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर चालतो, रात्री अमुक वाजता क्लोज, शेवटच्या मिनिटांत बिड आली तर वेळ वाढणार, असे नियम असतात. साधे रुपये आणि दुदांड्या तिथे लॉट करून जातील. पण तिथे विक्रेत्याचाच मित्र दुसऱ्या नावाने बिड चढवतो, किंवा जिंकलेला माणूस पैसेच देत नाही, हे सर्रास आहे, म्हणून ज्याचे जुने व्यवहार दिसतात अशा अ‍ॅडमिनच्याच ग्रुपवर जा. १९३९ चा खरा निघाला तर मात्र ऑक्शन हाऊसलाच द्या. देताना सेलर कमिशन किती, फोटो-कॅटलॉगचे वेगळे पैसे आहेत का, किमान किंमत लावता येते का, न विकलं तर काय, पैसे किती दिवसांत, हे पाचही लेखी घ्या आणि नाण्याचा वजनासकट दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढून मगच हातातून सोडा. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पावतीवर नुसतं 'चांदीचा रुपया १ नग' लिहून घेतलं होतं, नंतर परत आलेलं नाणं आपलंच का हे सिद्ध करायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

भाच्याला सांगा की नको. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, १०० वर्षं पूर्ण झालेली वस्तू खासगी माणसाने देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, बॅगेत टाकून नेली तरी. तुमच्या शिवराया आणि जॉर्ज पंचमचे शंभरी ओलांडलेले रुपये त्यात आले. ही मर्यादा दरवर्षी पुढे सरकते, १९३९ चा अजून त्यात येत नाही, पण बाकी डब्यासोबत तोही इथेच ठेवा. देशात विकायला हरकत नाही, फक्त अशा जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्याकडे लायसन्स लागतं, ते विचारा. आणि कुणी शेतात नांगरताना, घराचा पाया खणताना सापडलेला हंडा विकायला आणला तर लांब राहा, त्याला १८७८ चा निखात निधीचा कायदा लागतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

मुलाच्या होनाचं. घेऊ नका. महाराजांचा सोन्याचा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा, खरे म्हणून मान्य झालेले अगदी मोजके आहेत, त्यातला एखादा लिलावात आला तर सगळ्या महाराष्ट्रात बातमी होते, तो १५ हजारात फेसबुकवर येत नाही. तेवढ्या वजनाच्या नुसत्या सोन्याचीच किंमत बघा म्हणजे कळेल. विकणारा 'गडावर सापडला' म्हणाला तर ते वाक्य दोन्ही बाजूंनी वाईट, खोटं असेल तर फसवणूक आणि खरं असेल तर गुन्हा. महाराजांवरच्या प्रेमापोटी पोरं पैसे घालवतात याचं मला फार वाईट वाटतं. त्याला त्याच आवडीने एक चांगली शिवराई घेऊन द्या, ती खरी असेल आणि कुणीतरी तिच्यावर दोनशे ते साडेतीनशे वर्षांपूर्वी बाजारहाट केलेला असेल.

तो लिलावात बोली लावणार असेल तर आदल्या दिवशी जुने निकाल बघून जास्तीत जास्त आकडा वहीत लिहायचा, आणि तो आकडा सगळं धरून लिहायचा. हातोडा १०,००० ला पडला आणि बायर्स प्रीमियम, म्हणजे ऑक्शन हाऊस घेणाऱ्याकडून वर आकारतं ती रक्कम, १५ टक्के असेल तर ११,५०० झाले, त्यावर नियमाप्रमाणे जीएसटी आणि कुरिअर. बहुतेक साइटवर तुमची कमाल बोली आधीच भरून ठेवता येते, सिस्टिम समोरच्यापेक्षा एक पायरी वर तेवढीच लावते, ती सोय वापरा, शेवटच्या दोन मिनिटांत हाताने लावत बसलं की माणूस हट्टाला पेटतो. कडेचा फोटो आणि वजन मागायचं, देत नसेल तर सोडून द्यायचं. पीसीजीएस किंवा एनजीसी (नाणं तपासून, दर्जा ठरवून सीलबंद डबीत देणाऱ्या अमेरिकी कंपन्या) यांच्या डबीतलं नाणं असेल तर वरचा नंबर त्यांच्या साइटवर टाकून तिथला फोटो आणि समोरचं नाणं एकच आहे का ते बघायचं, कारण डब्यासुद्धा नकली येतात. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ.

जमलं तर त्याला घेऊन एकदा नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत किंवा मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेच्या मॉनेटरी म्युझियमला जाऊन या, खरी नाणी समोर बघितली की फोटोतलं खोटं ओळखू यायला लागतं.

तोपर्यंत १९३९ च्या रुपयाचे चार फोटो टाका, दोन्ही बाजू, कड आणि आकड्याचा जवळून, फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या उजेडात, आणि काट्यावरचं वजन. आणि जॉर्ज पंचमच्या प्रत्येक रुपयावरचं साल एका कागदावर लिहून काढा, १९११ आहे का ते मला आधी कळू दे.