कोथिंबीर, पुदिना, गवती चहा एकदमच हाताशी आले, काय करावे?

प्रश्न : भातकापणीनंतर घराजवळच्या तुकड्यात कोथिंबीर आणि पुदिना लावला. बांधावर गवती चहा आहेच. सगळे एकाच आठवड्यात तयार झाले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जुड्या नेल्या, पण निम्म्या परत आणाव्या लागल्या. उरलेले वाळवून ठेवले तर चालेल का? (शेतकरी महिला, डिचोली तालुका, गोवा)

उत्तर : ताई, पुदिना आणि गवती चहा जरूर वाळवा. कोथिंबीर मात्र वाळवू नका. तिचा वास पाण्याबरोबर उडून जातो आणि हाती गवत राहते. तिचा हिरवा मसाला करा. कोवळ्या देठांसकट कोथिंबीर, हिरवी मिरची, आले, लसूण, मिरी, मीठ आणि पाण्याऐवजी माडाच्या सुरेचा (माडाच्या ताडीचा) व्हिनेगर घालून वाटा. काफ्रियलला, म्हणजे हिरव्या मसाल्यातल्या गोव्याच्या चिकनला, लागतो तोच हा मसाला. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरल्या की काही महिने टिकतात. व्हिनेगर घातले म्हणून बाटली ओट्यावर ठेवू नका, फ्रीजरच हवा. पाने नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवण्याची पद्धत तर साफ टाळा. तेलाखाली हवा पोचत नाही, तिथे विषारी जंतू वाढू शकतात आणि वासावरून ते कळत नाही.

आता वाळवणाकडे. आपल्याकडे खरी अडचण उन्हाची नाही, दमट हवेची आहे. गच्चीवर रणरणत्या उन्हात टाकलेला पुदिना काळपट पडतो, आणि संध्याकाळी आत घ्यायचा राहिला तर रात्रीच्या दवाने पुन्हा ओला होतो. दव सुकल्यावर, फुले धरण्यापूर्वी कापणी करा. धुऊन पाणी पूर्ण निथळू द्या. जाळीवर पातळ पसरा, सावलीत, वारा खेळेल अशा जागी. चुलीवरचा माळा सोयीचा वाटतो, पण पुदिन्याला धुराचा वास लागतो. तिथे कोकमाची सोलेच बरी. ड्रायर असेल तर तापमान ४० अंशांच्या आसपास ठेवा. पान मुठीत चुरले आणि देठ कट्‌कन मोडला की झाले. बरणीत भरून दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. आतून ओल दिसली तर पुन्हा वाळवा. हे न केल्यामुळेच बहुतेकांच्या मालाला बुरशी येते. आठ-दहा किलो ताज्या पुदिन्यातून जेमतेम किलोभर सुका माल मिळतो, तेव्हा दर ठरवताना ताज्या जुडीशी तुलना करू नका.

गवती चहा जमिनीपासून चार-सहा बोटे वर कापा, पुन्हा फुटतो. बोटभर तुकडे करून सावलीत वाळवा. तेल काढण्याबद्दल अनेकजण विचारतात, पण शंभर किलो पातीतून साधारण अर्धा किलोच तेल निघते. बांधावरच्या गवतासाठी तो खटाटोप नको.

विकायचे असेल तर आधी अन्नसुरक्षा नोंदणी करा, पाकिटावर तारीख घाला. फवारणी केली असेल तर औषधाच्या बाटलीवर लिहिलेला प्रतीक्षाकाळ (फवारणीनंतर काढणीसाठी थांबायचे दिवस) संपल्याशिवाय एक पानही खुडू नका.

आणि पुढच्या हंगामात कोथिंबिरीचे सगळे बी एकाच दिवशी पेरू नका. दर दहा-बारा दिवसांनी एक वाफा पेरा, म्हणजे प्रत्येक शुक्रवारी थोडी थोडी नेता येईल. यंदा ज्या वाफ्याला फुले आली आहेत तो उपटू नका. पावसाआधी घरापुरते धणे मिळतील.