रस्त्यावर भरधाव गाडीने माणूस गेला. मोर्चा काढून काही होतं का? स्पीड ब्रेकर कसा बसवून घ्यायचा?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या सोसायटीसमोर रात्री भरधाव कारने एका बाईंना उडवलं, त्या जागीच गेल्या, आणि आता मीटिंगमध्ये अर्धे लोक मोर्चा काढू म्हणतायत तर अर्धे म्हणतायत, "त्यांनी बघून रस्ता ओलांडायला हवा होता." हे दुसरं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून मी लिहायला बसले. हेच वाक्य आमच्या सोसायटीतल्या नानांच्या शोकसभेत बोललं गेलं होतं, आणि बोलणारे आमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी होते.

मोर्चा जरूर काढा. त्याने काय मिळतं आणि काय मिळत नाही ते पुढे सांगते.

आम्ही पूर्व उपनगरात राहतो. स्टेशनकडून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेकडे जाणारा आमचा रस्ता. केस कोर्टात आहे म्हणून नाव लिहीत नाही. पूर्वी तो डांबरी होता, खड्डे होते, मध्येमध्ये पेव्हर ब्लॉकची ठिगळं होती आणि शाळेच्या गेटसमोर एक जुना ब्रेकर होता. मुंबईभर सिमेंटच्या रस्त्यांची कामं निघाली त्यात आमचाही रस्ता खोदला गेला. कितीतरी महिने धूळ खाल्ली, रिक्षावाले आत यायला तयार नसत, पण रस्ता झाला तेव्हा सगळे खूश होते. ब्रेकर मात्र खोदकामात गेला तो परत आलाच नाही, झेब्रा पट्टेही कुणी मारले नाहीत. खड्ड्यांमुळे जिथे पंचवीसच्या वर जायची कुणाची टाप नव्हती, तिथे हायवेला लागायच्या घाईत गाड्या साठ-सत्तरने सुटायला लागल्या. माणसं तीच, गाड्या त्याच. रस्ता तेवढा बदलला.

नाना पोस्टातून रिटायर झालेले, पंचाहत्तरी उलटलेली. माझ्या शिकवणीची मुलं जिन्यात भेटली की त्यांना घरात बोलावून जुनी तिकिटं दाखवायचे. त्या रात्री साडेदहाच्या सुमाराला समोरच्या मेडिकलमधून बीपीच्या गोळ्या घेऊन परत येत होते. रस्त्याला दुभाजक नाही, सिग्नल बराच लांब, दिव्याचा एक खांब बंद. गाडीने त्यांना आमच्या गेटपासून चार पावलांवर गाठलं. सकाळी खाली उतरले तेव्हा धडकेची जागा पोलिसांनी खडूने आखून ठेवली होती. पांढुरक्या सिमेंटवर टायरचे काळे पट्टे स्वच्छ दिसत होते आणि ते त्या खडूच्या खुणेच्या पुढून सुरू होत होते. म्हणजे धडक बसेपर्यंत ब्रेक लागलाच नव्हता. सेक्रेटरी माझ्या शेजारी उभे राहून तेच पट्टे बघत होते. तरीही शोकसभेत ते म्हणाले, "वाईट झालं, पण नानांनी बघून यायला हवं होतं."

मी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. मला गप्प बसवेना. तिथेच उभी राहून हिशेब मांडला. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. आमचा रस्ता कडेपासून कडेपर्यंत साधारण १५ मीटर. नानांच्या वयाचा माणूस सेकंदाला फार तर मीटरभर चालतो, म्हणजे पलीकडे पोचायला त्याला १५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती गाडी २५० मीटर येते. नाना मेडिकलची पायरी उतरले, दोन्हीकडे बघितलं, तेव्हा ती गाडी वळणाच्या पलीकडे होती. ती त्यांना दिसणार कशी? तीच गाडी तीसने येत असती तर सव्वाशे मीटरवर, वळणाच्या अलीकडे असती. नानांना तिचे दिवे दिसले असते, ते पायरीवरच थांबले असते. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हे नववीच्या विज्ञानात शिकवतात.

सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, ही शोकसभा आहे, वर्ग नाही."

तो वाद अजून संपलेला नाही.

आता मोर्चाचं. नाना गेले त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी लोक रस्त्यावर बसले. हायवेपर्यंत गाड्या तुंबल्या, पोलीस अधिकारी आले, आश्वासन दिलं आणि थोड्याच दिवसांत काळ्या-पिवळ्या रबरी पट्ट्या ठोकल्या गेल्या. श्रेय घेणारा बॅनरही लागला. पावसाळ्यात पट्ट्यांचे बोल्ट सुटले, तुकडे उखडले, वर आलेल्या खिळ्यांनी दुचाकींचे टायर फुटायला लागले. मग उरलेल्या पट्ट्या काढून नेल्या. रस्ता पुन्हा मोकळा. मोर्चाने लगेच होणारी गोष्ट मिळते, टिकणारी मिळत नाही. टिकणाऱ्या गोष्टीसाठी कागद लागतो.

तेव्हा तर कुणाला धरायचं तेही कळत नव्हतं. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपलेली, निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात नगरसेवकच नव्हते. वॉर्ड ऑफिस म्हणे, वाहतूक पोलिसांचं ना-हरकत पत्र आणा. वाहतूक पोलीस म्हणत, आम्ही फक्त शिफारस करतो, बांधायचं काम महापालिकेचं. या दोघांच्या मध्ये बरेच महिने आमचा चेंडू झाला. शेवटी एकच पत्र दोन्हीकडे एकाच दिवशी दिलं, दोन्हीकडून शिक्क्याची पोच घेतली, आणि दोन्ही खात्यांनी एकत्र येऊन जागेची संयुक्त पाहणी करावी अशी लेखी मागणी केली. तुम्हीही पहिल्याच दिवशी हेच करा. १९१६ वर (ही मुंबई महापालिकेची हेल्पलाइन) तक्रार नोंदवून तक्रारीचा नंबर पत्रात टाका. त्या रस्त्यावर गेल्या तीन वर्षांत किती अपघात नोंदले गेले याची माहिती पोलीस ठाण्याकडून माहिती अधिकारात मागवा. शाळा असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र जोडा, सोसायटीच्या पत्रापेक्षा त्याला वजन असतं.

पण आमचं काम खरं हललं ते मुलांच्या वहीमुळे. एका ओळखीच्या गवंड्याकडून लांब टेप आणली, फुटपाथच्या कडेला बरोबर ५० मीटरच्या अंतराने खडूच्या दोन रेघा मारल्या. गाडी पहिल्या रेघेवर आली की एक मुलगा हात खाली करायचा, दुसऱ्या रेघेपाशी उभा असलेला मोबाईलचं स्टॉपवॉच चालू करायचा आणि गाडी आपल्यासमोर आली की बंद करायचा. ५० मीटरला सहा सेकंद लागले तर ताशी तीस, तीन लागले तर ताशी साठ. तीनच्या आत गेलेली गाडी लाल पेनाने लिहायची. संध्याकाळच्या पानांवर निळं होतं, रिक्षा पाच सेकंद, बस सहा-सात. रात्री दहानंतरची पानं मात्र लालच लाल. (मोठी माणसं सोबत ठेवा आणि मुलांना फुटपाथवरून खाली उतरू देऊ नका.) पाहणीला आलेल्या इंजिनियरनी वही उभ्याउभ्या चाळली, मग स्वतः मोबाईल काढून रेघेपाशी उभे राहिले. त्याआधीच्या सगळ्या बैठकांत मला "बघू" हेच ऐकायला मिळालं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा "कुठे हवंय?" असा प्रश्न आला.

एक उत्तर तुम्हालाही ऐकवलं जाईल: "हा ब्लॅक स्पॉट नाही." केंद्राची व्याख्या अशी आहे की राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू झाले तर तो ब्लॅक स्पॉट. ही व्याख्या महामार्गाची आहे. तुमच्या शाळेसमोरच्या रस्त्याला ती लावून कुणी दहा माणसं मरायची वाट बघायला सांगत असेल तर ती महामार्गाची आहे हे तिथेच, त्यांच्या तोंडावर सांगा. आणि पत्रात मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ चा उल्लेख करा. २०१९ च्या दुरुस्तीत ते आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार प्राधिकरणाला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दंड किरकोळ आहे, पण रस्ताही दोषी असू शकतो हे कायद्याने मान्य केलंय. हे आमच्या सेक्रेटरींनी वाचावं म्हणून मी नोटीस बोर्डावर लावलं होतं.

ड्रायव्हरला शिक्षा झालीच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४अ मध्ये दोनच वर्षं होती. पण मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शने दोघांचा जीव घेतला, जुलैमध्ये वरळीला बीएमडब्ल्यूने कोळीवाड्यातल्या बाईंना चिरडलं, दोन्ही वेळा सगळा महाराष्ट्र पेटला होता. त्या संतापाने आमच्या रस्त्यावरची एकही गाडी हळू झाली नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७१ टक्के अतिवेगाने. एवढे सगळे ड्रायव्हर नालायक आणि एवढे सगळे पादचारी आंधळे, असं ज्याला म्हणायचंय त्याने म्हणावं. मी मान्य करणार नाही.

ब्रेकरला सगळ्यात जास्त विरोध आतूनच होतो. आमच्याकडे सेक्रेटरींचे दोन मुद्दे होते. एक, ॲम्ब्युलन्स अडकेल. दोन, पाठीचा आजार असलेल्यांना त्रास होईल. ॲम्ब्युलन्सला एका उंचवट्यावर काही सेकंद जास्त लागतील. आमच्याच गेटवर दोन्ही बाजूंना डबल पार्किंग असतं, तिथे ती किती वेळ अडकते ते त्यांनी कधी मोजलंय का? आणि पाठ दुखते ती मनाला येईल तसा डांबराचा ढीग टाकून केलेल्या ब्रेकरने. इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ९९ हे मानक आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, गोलाकार, ताशी २५ च्या वेगासाठी. आधी सूचनाफलक हवा, वर रंगाचे पट्टे हवेत. असा ब्रेकर पंचविसाने ओलांडला तर पाठीला कळतही नाही. साठने आलात तर कळेल, आणि कळायलाच हवं. पत्रात नुसतं "स्पीड ब्रेकर" लिहू नका, "आयआरसी ९९ प्रमाणे" असं लिहा.

आमच्या शाळेसमोर शेवटी टेबलटॉप क्रॉसिंग झालं, म्हणजे फुटपाथच्या उंचीला आणलेला रुंद, सपाट झेब्रा. म्हाताऱ्यांना, ढकलगाडीवाल्या बायकांना खाली उतरावंच लागत नाही. मुलांनी तिथे परत वेळ मोजली. रात्रीसुद्धा पाच-सहा सेकंद. वहीतली ती पानं मी जपून ठेवलीत.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. हायवेवर आणि मोठ्या मुख्य रस्त्यांवर ब्रेकर देत नाहीत, मागूही नका. तिथे सिग्नल, दुभाजकात थांबायला सुरक्षित जागा आणि वेगाचा कॅमेरा मागा. दिवाबत्ती नसलेल्या जागी ब्रेकर करून घेतलात तर बाईकवाले त्यावर मरतील, म्हणून आधी दिवा. आणि ज्या बाई गेल्या त्यांच्या घरच्यांना कुणीतरी सांगा की मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा. गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रन योजनेत मृत्यूसाठी दोन लाख मिळतात, पण त्यालाही अर्ज लागतो. मोर्चाच्या गडबडीत हे राहून जातं. आमच्याकडे नानांच्या सुनेला एका वकिलांनी वेळेवर सांगितलं म्हणून निभावलं.

रंगाचे पट्टे पावसाळ्यात पुसले जातात, तेव्हा दर दिवाळीच्या आधी पुन्हा रंगवण्याचा अर्ज द्यावा लागतो. आम्ही तो सोसायटीच्या लेटरहेडवर देत नाही, कारण सेक्रेटरी सही करत नाहीत. रहिवाशांच्या सह्या घेऊन देतो. तुमच्याकडेही सही अडली तर थांबू नका, साध्या कागदावरचा अर्जही घेतात.