विचारा की! : नाताळचा जुना पिक्चर

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत मुलं, सून, आजी सगळ्यांनी मिळून बघावा असा एकच जुना इंग्रजी पिक्चर सांगा. मारामारी नको, नुसता सांताक्लॉजही नको. (शहापूर, बेळगाव)

उत्तर : 'इट्स अ वंडरफुल लाइफ', १९४६. दिग्दर्शक फ्रँक काप्रा. भूमिका जेम्स स्टुअर्ट आणि डोना रीड यांच्या. नावावरून गोडमिट्ट वाटतो, तसा नाही. गाव सोडून जग बघायला निघालेला जॉर्ज बेली दर वेळी घरच्या जबाबदारीपायी गावातच अडकतो आणि नाताळच्या आदल्या रात्री जीव द्यायला पुलावर जाऊन उभा राहतो. लहान मुलांना हा प्रसंग एकट्याने बघू देऊ नका, शेजारी बसा. क्लॅरेन्स नावाचा देवदूत माणसाच्या रूपात खाली येतो तेव्हा पिक्चर जेमतेम अर्धा तास उरलेला असतो. तोवर देवदूताची वाट बघत बसलात तर मधली खरी गोष्ट निसटेल. आजींना इंग्रजी कळत नसेल तर मध्यंतरात आतापर्यंतची गोष्ट सांगा. बोलणं भरभर आहे, प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगत बसलं तर कुणालाच काही ऐकू येत नाही.

प्रश्न : मी पतसंस्थेत काम करते. पिक्चरमध्ये ठेवीदार दारात आले असताना जॉर्ज पैसे द्यायला नाही म्हणतो. हे चालतं का? आणि हरवलेल्या ८००० डॉलरचं शेवटी काय होतं? (निपाणी)

उत्तर : जॉर्जची 'बिल्डिंग अँड लोन' ही जवळजवळ आपली पतसंस्थाच. सभासदांचे पैसे घ्यायचे आणि त्यातून सभासदांनाच घरासाठी कर्ज द्यायचं. कर्ज वर्षानुवर्षं फिटत राहतं, ठेवी मात्र सगळ्यांना एकाच दुपारी परत हव्या असतात. संस्था बुडीत नसली तरी तिजोरी रिकामी होते ती अशी. तुझे पैसे इथे नाहीत, शेजाऱ्याच्या घरात आहेत, हे जॉर्ज समजावतो ते हिशेबाच्या दृष्टीनं अगदी बरोबर आहे. नियमही त्याच्या बाजूने आहे : रक्कम मागितल्यावर ६० दिवस थांबायचं, हे सभासदांनी आधीच मान्य केलेलं असतं.

पण घाबरलेल्या माणसाला नियम ऐकू येत नाही. त्यात सावकार पॉटर डॉलरमागे ५० सेंट देऊन त्यांचे हिस्से विकत घ्यायला टपलेला. जॉर्जची नवी बायको मेरी मधुचंद्रासाठी ठेवलेले २००० डॉलर पुढे करते, तेव्हा जॉर्ज प्रत्येकाला विचारतो, तुला आत्ता किती लागतील? पहिला पूर्ण २४२ डॉलर घेऊनच जातो. एक बाई मात्र साडेसतरा डॉलर मागते आणि गर्दीचा सूरच बदलतो. सहा वाजता दार बंद होतं तेव्हा २ डॉलर शिल्लक असतात. तुमच्या सहकाऱ्यांना एवढा प्रसंग तरी दाखवाच.

८००० डॉलरचं म्हणाल तर जॉर्जचे बिली काका ते बँकेत भरायला नेतात आणि वर्तमानपत्राच्या घडीत चुकून पॉटरच्याच हातात देतात. पॉटरला ते कळतं, तरी तो गप्प राहतो. पैसे परत येत नाहीत, त्याला शिक्षाही होत नाही. गाव वर्गणी काढून भोक बुजवतं. काप्राने पॉटरला मोकळा सोडला हे अनेकांना खटकतं. आम्हाला तेच खरं वाटतं.

प्रश्न : गच्चीवर मंडळाचा पडदा लावून दाखवायचा आहे. मागच्या खेपेला जुन्या पिक्चरमधली माणसं जाडी-बुटकी दिसली, आणि खालची अक्षरं बोलण्याच्या मागे मागे पडत गेली. रंगीत प्रत घ्यावी का? (खानापूर)

उत्तर : माणसं जाडी दिसली कारण चित्र ताणलं गेलं. या पिक्चरची चौकट १.३७ ला १, आजचा पडदा १६ ला ९. ताणून भरलं की माणूस ३० टक्के रुंद होतो. झूम केलं तर वरखालचा जवळपास पाव भाग कापला जातो, म्हणजे डोकी गेली. प्रोजेक्टरवर ४:३ किंवा 'ओरिजिनल' निवडा. ८ फूट रुंद पडद्यावर चित्र सव्वासहा फुटांच्या आतच येईल, दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील. ते असायलाच हवेत.

अक्षरांचं कारण वेगळं. पूर्ण पिक्चर १३० मिनिटांचा. पाल (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या) पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रं पळतात, म्हणून तीच प्रत १२५ मिनिटांत संपते. तिला १३० मिनिटांच्या प्रतीची सबटायटल जोडली की मिनिटाला सुमारे अडीच सेकंद फरक पडत जातो, शेवटी पाच मिनिटांचा. अक्षरं एकदा पुढे सरकवून भागत नाही, दहा मिनिटांनी पुन्हा तेच. त्याच लांबीच्या प्रतीची सबटायटल घ्या, किंवा प्लेअरमध्ये सबटायटलचा वेग बदला. लांबी १२५ पेक्षाही बरीच कमी दिसली तर सावध व्हा. जॉर्ज जन्मालाच आला नसता तर गावाचं काय झालं असतं, तो भागच गाळलेली एक प्रत फिरते. ती लावलीत तर पुलावरचा माणूस एकाएकी हसत का धावतोय, कुणाला कळणार नाही.

काळी-पांढरीच घ्या. रंग नंतर चढवलेले आहेत, गालांवर पावडर थापल्यासारखे दिसतात. रंगीतच हाती आली तर सेटिंगमधला 'कलर' शून्यावर आणा.

वेळ साडेसहाची ठेवा, तोवर पुरेसा अंधार असतो. चहाचं मध्यंतर जॉर्ज-मेरीची लग्नाची रात्र गळक्या घरात जाते त्यानंतर, साधारण तासाभराने. पंधरा मिनिटं धरून नऊच्या आत संपतं. २४ तारखेला केलंत तर ख्रिस्ती शेजाऱ्यांना मध्यरात्रीच्या मिस्साला जाता येईल. दव पडतं, लॅपटॉप आणि जोडण्या उघड्यावर ठेवू नका.

तिकीट मात्र लावू नका. १९७४ मध्ये हक्कांचं नूतनीकरण राहून गेलं म्हणून अमेरिकन वाहिन्यांनी वर्षानुवर्षं हा पिक्चर फुकट दाखवला (पडलेला पिक्चर नाताळचा झाला तो त्यामुळेच), पण १९९३ मध्ये मूळ कथेच्या आणि संगीताच्या आधारे हक्क पुन्हा सांगितले गेले. सार्वजनिक खेळ करायचा तर आधी परवानगीचं बघा.

प्रश्न : त्यातला बर्फ खरा आहे का? गोठ्याच्या देखाव्याला तसा करता येईल? (बेळगाव कॅम्प)

उत्तर : खरा नाही. चित्रण उन्हाळ्यातलं, पुलावर स्टुअर्टच्या चेहऱ्यावर घाम दिसतो. त्याआधीच्या पिक्चरांत बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स पसरायचे, ते पायाखाली इतके करकरत की संवाद नंतर भरावे लागत. इथे आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी यांचं मिश्रण पंख्यांनी उडवलं, आवाज जागेवरच घेता आला. ऑस्कर अकादमीने त्यासाठी तांत्रिक पुरस्कार दिला.

घरी एक वाटी किसलेला साबण घ्या, कोमट पाणी पाव वाटीच्या आत, चमच्या-चमच्याने घाला आणि रवीने घट्ट होईस्तोवर घुसळा. पाणी जास्त झालं की फेस ओघळतो. पुठ्ठ्याच्या छपरावर थापून रात्रभर वाळू द्या. दिव्यांची माळ बर्फ पूर्ण वाळल्यावरच लावा, आणि कापूस वापरायचाच असेल तर दिव्यांपासून हातभर लांब.