येशूनं नको म्हटलंय, मग आजी ‘अहो’ का म्हणायला लावते?

सोन्या,

परवा आजीचा व्हिडिओ कॉल संपल्यावर तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, ड्युटीला निघायची घाई होती आणि दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतंच. आता नाईटला ब्रेक मिळालाय म्हणून लिहितेय. हळूहळू वाच, अडलं तर विचार.

झालं असं की मिरजेच्या घरी पाळक आले होते, तू त्यांना सरळ नावानं हाक मारलीस, जशी इथे इंग्लंडात प्रेस्टनला आपल्या चर्चच्या पास्टरना मारतोस, आणि आजी चिडली, "पाळकसाहेब म्हण, अहो म्हण!" मग तू मला म्हणालास की संडे स्कूलमध्ये बायबलमधला मत्तयाचा तेविसावा अध्याय झालाय, त्यात येशूच सांगतो की स्वतःला रब्बी म्हणवून घेऊ नका, पृथ्वीवर कुणाला पिता म्हणू नका, तुम्ही सगळे भाऊ आहात, मग आजी रोज शास्त्र वाचते तिला हे दिसत नाही का.

दिसतं रे. तिला तो अध्याय पाठ आहे.

रब्बी म्हणजे आपल्याकडचे गुरुजीच की. सांगली-साताऱ्याकडे मराठी शाळेतल्या मास्तरांना गुरुजी म्हणतात, मीपण म्हणायचे, आणि लहानपणी हे वचन ऐकून मलाही भीती वाटलेली की आपण रोज पाप करतोय. पण त्याच्या आधीची वचनं वाच. येशू बोलतोय शास्त्री-परुश्यांबद्दल, म्हणजे त्या काळच्या धर्मपंडितांबद्दल, ज्यांना मेजवानीत मानाची जागा पाहिजे, बाजारात लोकांनी वाकून नमस्कार केलेला पाहिजे. ‘म्हणवून घेऊ नका’ असं आहे ते, म्हणजे मानाची भूक धरू नका. मी एकदा बघितलंय हे, एका मंडळीच्या कार्यक्रमात पत्रिकेवर नावामागची पदवी छापायची राहिली म्हणून एक मोठे पाहुणे स्टेजवर चढलेच नाहीत, दोनशे माणसं जेवायची थांबलेली. येशू त्याबद्दल बोलतोय, मला त्यात जरापण शंका नाही.

पित्याचं मात्र अवघड आहे, तिथं ‘म्हणू नका’च आहे. शब्दशः धरलं तर तू तुझ्या बाबालाही बाबा म्हणू शकणार नाहीस. आणि येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की सुवार्तेच्या द्वारे मी तुमचा बाप झालोय, कॅथलिक लोक त्याच आधारानं फादर म्हणतात. आपण प्रॉटेस्टंट फादर टाळतो पण नावामागं रेव्हरंड लावतो, त्याचाही अर्थ आदरणीय असाच, मग आपण काय फार वेगळं केलं? मी याचा अर्थ असा घेते की जी जागा देवाची आहे ती कुठल्या माणसाला द्यायची नाही. कर्नेल्य नावाचा रोमन अधिकारी येशूचा शिष्य पेत्र याच्या पाया पडला तेव्हा पेत्रानं त्याला उठवलं आणि सांगितलं की मीही माणूसच आहे. पण तोच पौल फेस्त नावाच्या रोमन सुभेदाराशी बोलताना महाराज म्हणतो, म्हणजे रीतीचा मान द्यायला त्याला काही अडचण वाटली नाही.

आता आजी का चिडली ते सांगते, त्यासाठी तुला आप्पा माहीत पाहिजेत. आप्पा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. ते गावात वाढले तेव्हा आपल्या लोकांना ‘अहो’ कुणी म्हणायचं नाही. त्यांच्या वडिलांचे केस पांढरे झालेले तरी मोठ्या घरातलं सात-आठ वर्षांचं पोरगं त्यांना "ए, हिकडं ये रं" म्हणायचं, आणि त्यांनी त्या पोराला "जी मालक" म्हणायचं. आप्पा मिरजेला आले आणि मिशन हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉय म्हणून लागले, डॉक्टर वानलेसांनी 1894 साली सुरू केलेलं तेच हॉस्पिटल. पहिल्या रविवारी चर्चच्या दारात एका अनोळखी माणसानं हात जोडून "सलाम, या, बसा" म्हटलं. ‘बसा’. आप्पा हे सांगताना प्रत्येक वेळी थांबायचे, पुढचं बोलायला त्यांना वेळ लागायचा.

त्यानंतर आप्पांनी आयुष्यभर सगळ्यांना अहो म्हटलं. डॉक्टरांना, पाळकांना, झाडू मारणाऱ्या मावशींना, खेड्यातनं आलेल्या पेशंटला, पोरासोरांनासुद्धा. मी नर्सिंग शिकायला लागले तेव्हा एका म्हाताऱ्या पेशंटला घाईत "ए आजी, ऊठ की" म्हणाले, ते त्यांच्या कानावर गेलं, तर ओरडले नाहीत, पण संध्याकाळी माझ्याशी बोलताना मलाच ‘अहो सिस्टर’ म्हणायला लागले, मला रडू आलं आणि दुसऱ्या दिवशी मी त्या आजींची माफी मागितली. तर आजी या घरातली आहे. तिच्यासाठी अहो म्हणजे साहेबांपुढं वाकणं नाही, तिच्या आज्ज्याला जे मिळालं नाही ते आहे.

तुमची ट्रिप लँकेस्टर कॅसलला गेलेली ना? तिथं जॉर्ज फॉक्सला कैदेत ठेवलेलं, क्वेकर लोकांचा पुढारी. ती माणसं ख्रिस्ती, येशूचं हेच शिकवणं घेऊन उभी राहिलेली, पण त्यांनी उलटी वाट धरली, कुणालाच पदवी लावायची नाही, न्यायाधीशासमोरही टोपी काढायची नाही, आणि राजा असो की नोकर सगळ्यांना ‘दाऊ’, म्हणजे आपलं तू. त्यासाठी मार खाल्ला, तुरुंगात गेले. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. त्यांनी सगळ्यांना तू म्हणून एका रांगेत आणलं, आप्पांनी अहो म्हणून. गंमत बघ, इंग्लिशमधला तो तू पुढे बोलण्यातनं गेलाच आणि उरलं ते ‘यू’, जे मुळात आपल्या तुम्हीसारखं मानाचं होतं. म्हणजे तू शाळेत दिवसभर सगळ्यांना अहोच म्हणतोस की!

आणि आपल्या भागातले मोठे मान कुठले ते बघ. सांगलीचे वसंतदादा मुख्यमंत्री झाले तरी दादाच, रयत शिक्षण संस्थेचे भाऊराव पाटील लोकांचे अण्णा. दोन्हीचा अर्थ थोरला भाऊ. येशू म्हणतो तुम्ही सगळे भाऊ आहात, आपल्या लोकांनी भाऊ हीच पदवी केली. आणि साताऱ्याच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 ला एका मुलाचं नाव घातलं, ज्याला वर्गात वेगळं बसवायचे, त्याला नंतर लाखो लोक बाबासाहेब म्हणाले. ज्यांना स्वतःला कधी मान मिळाला नव्हता त्यांनी तो दिला. हे नाव कुणी मागून घेतलेलं नाही.

एक राहिलं. तू म्हणालास देवाला तर आपण तू म्हणतो, मग पाळकांना अहो कसं? मराठीत आईलापण तूच म्हणतात. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक, ज्यांनी 1917 ला साताऱ्यात देवाचा दरबार नावाची ख्रिस्तभक्तांची मंडळी काढली, ते ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारायचे. जिथं सगळ्यात जवळीक तिथं तू, म्हणून मला तू अहो आई म्हटलेलं अजिबात चालणार नाही.

इथल्या पास्टरना नावानंच हाक मार, त्यांना तेच आवडतं, त्यांनी स्वतः सांगितलंय. मिरजेला पाळकसाहेब म्हण. पण रविवारच्या कॉलमध्ये मागं भांडी घासणाऱ्या मावशी दिसतात ना, त्यांना तू "ती कामवाली" म्हणालास परवा, ते आजीनं ऐकलं नसेल पण मी ऐकलं. या रविवारी आधी त्यांना सलाम कर, "मावशी, जेवलात का" विचार, मग आजीशी बोल.

आई