उत्तर: फेनियन चळवळीचे पैसे मधल्या मधे कुणी खाल्ले का?

तुमची पोस्ट वाचली आणि माझं एम.फिल. आठवून पोटात गोळाच आला. आयर्लंडला ब्रिटनपासून स्वतंत्र करायला निघालेल्या अमेरिकेतल्या फेनियन ब्रदरहूडने १८६४-६५ मध्ये जमवलेले डॉलर आणि डब्लिनला आयआरबीचा (आयरिश रिपब्लिकन ब्रदरहूड, तिकडची गुप्त संघटना) म्होरक्या स्टीफन्स याच्या हातात पडलेले पाऊंड यांचा मेळ बसत नाही, म्हणजे कुणीतरी खाल्ले असणार, असं तुम्ही म्हणताय. अगदी हेच मी म्हणालो होतो, चॅप्टरच्या नावातच 'अपहार' घातला होता.



माझी चूक सांगतो. एका पाऊंडाला ४.८६ डॉलर हा भाव धरून मी अख्खी एक्सेल शीट भागली. तो भाव सोन्याच्या डॉलरचा! यादवी युद्धामुळे तिकडे अमेरिकेत ग्रीनबॅक नोटा (सोन्यात बदलून न मिळणारे कागदी डॉलर) चालत होत्या, वर्गणीही त्यातच यायची, आणि जुलै १८६४ मध्ये तर १०० सोन्याच्या डॉलरला अडीचशेच्या वर कागदी मोजावे लागत. १८६५ च्या ऑक्टोबरात हा आकडा १४५ च्या आसपास, म्हणजे पाऊंड साधारण ७ कागदी डॉलरला. वर्गणीच्या १००० डॉलरचे माझ्या शीटवर २०५ पाऊंड, प्रत्यक्षात १४० च्या आसपास, आणि वरचे ६५ मी खुशाल ब्रदरहूडचा प्रमुख ओ'माहोनी याच्या खिशात घातले. तो बिचारा १८७७ मध्ये न्यूयॉर्कला कफल्लक होऊन मेला. व्हायवाला परीक्षकांनी एवढंच विचारलं, "हे डॉलर कुठले?" पुढचे सहा महिने दुरुस्तीत गेले.

आता उधळपट्टी नव्हतीच असं नाही हं. इकडे डब्लिनवाले पै-पैला मोताद आणि तिकडे १८६५ मध्ये हेडक्वार्टर म्हणून युनियन स्क्वेअरजवळचा मॉफट मॅन्शन भाड्याने, याला माझ्याकडे शब्द नाही. पण गळती बरीचशी वाटेतच झाली असं माझं मत (मी काही आयर्लंडतज्ज्ञ नाही, चूक असेल तर सांगा). जुलै १८६५ मध्ये मीहान नावाचा ब्रदरहूडचा दूत डब्लिनजवळच्या किंग्जटाऊन स्टेशनवर कागदपत्रंच हरवून बसला, त्यात ५०० पाऊंडांचा ड्राफ्ट होता, आणि सगळं पोलिसांकडे गेलं. पैसा मिळावा म्हणून १८६३ मध्ये 'आयरिश पीपल' पेपर काढला तर त्याच ऑफिसातला नेगल सरकारचा खबऱ्या निघाला. सप्टेंबर १८६५ मध्ये पोलिसांनी त्या ऑफिसवर घातलेल्या धाडीनंतर न्यूयॉर्कहून येणारे ड्राफ्टही सरकारच्या हाती लागले, त्यावरून ओ'माहोनी आणि ते ड्राफ्ट देणाऱ्या बेलमाँट बँकेचं भांडण कोर्टात गेलं, १८७५ चा निकाल आहे, तो जरूर वाचा. आणि मुळातच हे लोक फाटक्या खिशाने निघालेले: १८५८ मध्ये स्टीफन्सने महिन्याला ८० ते १०० पाऊंड मागितले होते, त्याचा दूत डेनिफ न्यूयॉर्कहून ८० घेऊन आला, त्याच दिवशी, १७ मार्चला, शपथ घेऊन आयआरबी सुरू!

ब्रदरहूडने पैशासाठी छापलेले बाँड (कर्जरोखे) मात्र जमेत धरू नका. १० डॉलरच्या बाँडवर छापलंय की आयर्लंडचं स्वातंत्र्य मान्य झाल्यावर सहा महिन्यांनी पैसे परत, ६ टक्के व्याजाने. किती छापले यावरून किती विकले ते कळत नाही, मी इथेही फसणार होतो.

जाता जाता: एका अभिलेखागारात (नाव घेत नाही) मला आधी विद्यापीठाचं पत्र आणा, मग शिक्क्याचं आणा, मग मूळ प्रतच पोस्टाने पाठवा, असं तीन महिने खेळवलं आणि शेवटी सांगितलं की ती फाईल आमच्याकडे नाहीच. तेव्हा आधी फाईल आहे का ते ईमेलवर लेखी घ्या, पत्रबित्र नंतर.

प्रत्येक रकमेपुढे नुसतं वर्ष नको, महिना लिहा, कारण सोन्याचा भाव महिन्यागणिक बदलतो. माझी दुरुस्त शीट हवी असेल तर मेसेज करा. जुनीही आहे, पण ती देणार नाही.